पाणी मागणारा येशू आणि मतं मागणारे

बारवी धरणाच्या कामावर माझा बाप होता. सत्तरच्या आसपासची गोष्ट. नगर जिल्ह्यातून पोटासाठी जी माणसं बदलापुरात उतरली, त्यांत माझे आईबाप होते. आईची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, तीही नवऱ्याबरोबर आली होती. बा दगड फोडायचा. आई आणि मावशी पाट्या वाहायच्या. धरण एमआयडीसीचं. पाणी कारखान्यांना आणि शहरांना जायचं होतं. आज उल्हासनगरच्या, कल्याण-डोंबिवलीच्या नळाला ते येतं. नळ उघडणाराला पाट्या वाहणारीचं नाव ठाऊक नाही. ते असू द्या.

आमचं घर बौद्ध. मावशीचं सासर ख्रिस्ती. दोघी बहिणी एका आईच्या, एका महारवाड्यातल्या. नगरकडं याचं नवल नाही. १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशन तिथं आहे. एकाच आळीत दोन घरं ख्रिस्ती, चार घरं बौद्ध. एकाचा रविवार देवळात, दुसऱ्याची पौर्णिमा विहारात, आणि पोरींची लग्नं तरी एकमेकांत. तिकडं ख्रिस्ती माणूसही चर्चला देऊळच म्हणतो.

धरणाच्या कामावर पाण्याची दोन पिंपं होती. एक झाकणाचं, एक बिनझाकणाचं. बिनझाकणाचं आपलं. मावशीचा नवरा पहिल्या दिवशी झाकणाच्या पिंपाकडं गेला. मिशनच्या शाळेत चार बुकं शिकलेला. त्याला वाटलं, आपण आता त्यातले नाही. मुकादमानं नाव विचारलं. यानं सांगितलं. नाव बायबलातलं. मुकादमाला काय कळंना. मग त्यानं आडनाव विचारलं. आडनाव ऐकलं आणि हातानंच दाखवलं, तिकडं.

आई ही गोष्ट सांगताना हसायची. म्हणायची, "तुझ्या काकानं येशू घेतला, आपण बुद्ध घेतला, पण पिंप त्येच."

मला हसू येत नाही. कारण त्या पिंपाजवळून सुरू झालेली गोष्ट माझ्या मावसभावापर्यंत आली, आणि तिथं माझं तोंड काळं झालं. ते आज लिहायचं आहे.

मावसभाऊ वस्तीत वाढला, वस्तीतच राहिला. नळाचं कनेक्शन, रेशनचं कार्ड, म्हाताऱ्यांचे पगार, रात्री-बेरात्री दवाखाना, सगळ्याला हा. एका पालिकेच्या निवडणुकीत आमचा वॉर्ड अनुसूचित जातीसाठी राखीव पडला. लोकच म्हणाले, तू उभा राहा. बौद्ध म्हणाले, मातंग म्हणाले, ख्रिस्ती तर म्हणालेच.

शाळेच्या दाखल्यावर त्याच्या बापानं 'हिंदू महार' लिहिलेलं. जातीचा दाखला त्यावरच निघालेला. दर रविवारी मात्र हा उपासनेला. लपूनछपून नाही, उघड. नगरकडच्या ख्रिस्ती घरांतून असे कागद किती असतील हे सरकारला माहीत आहे, पाळकसाहेबांना माहीत आहे, पुढाऱ्यांना तर पाठ आहे.

मग दोन पक्ष आले. नावं सांगत नाही. नावं बदलतील, माणसं या पक्षातून त्या पक्षात जातील, धंदा तोच राहील.

पहिला पक्ष नाताळला आला. केक घेऊन आला. वस्तीच्या तोंडाशी बॅनर लागला. त्यावर येशू होता. एका कोपऱ्यात, पासपोर्ट साइजचा. बाकी सगळा बॅनर नेत्यांच्या चेहऱ्यांनी भरलेला. स्थानिक नेता म्हणाला, प्रभू येशूंनी प्रेमाचा संदेश दिला. टाळ्या झाल्या. मग मावसभावाला बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्या समाजाची किती मतं?" हा म्हणाला, "साहेब, तिकिटाचं काय?" ते म्हणाले, "तिकिटाला अडचण आहे. तुम्ही ख्रिश्चन ना. कागदाची भानगड होईल. तुम्ही मतं आणा, पुढं बघू."

दुसरा पक्ष केक घेऊन आला नाही. त्यांच्याकडं फोटो होता. मावसभाऊ उपासनेत उभा, हातात पवित्र शास्त्र. ते म्हणाले, "फॉर्म भरलास तर हा फोटो पडताळणी समितीकडं जाईल. धर्म बाटवून हिंदूंच्या सवलती खातोस." आणि जाता जाता, "परत ये. घरवापसी कर. मग तूच आमचा उमेदवार."

बघा गंमत. एकाला येशू मतांसाठी पाहिजे. दुसऱ्याला येशू भीतीसाठी पाहिजे. मावसभाऊ दोघांनाही नको. आणि खुद्द येशूला तर कुणीच विचारलं नाही.

पावसाळ्यात बारवीचे दरवाजे आपोआप उघडतात. धरण भरलं की पाणीच त्यांना उघडतं. शहरातली पोरं ते बघायला येतात, भुट्टे खातात, फोटो काढतात. पण ही गोष्ट हिवाळ्यातली. तेव्हा तिथं माणूस नसतो. फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी मावसभाऊ मला स्कूटरवर घालून धरणावर घेऊन गेला. म्हणाला, "दादा, बापानं जिथं पाणी मागितलं तिथंच इचारतो. काय करू?"

त्याचा प्रश्न सरळ होता. एका कागदावर सही करायची. मी ख्रिस्ती नाही, हिंदू महार आहे, देवळात कधीमधी जातो ते बायकोसाठी. एवढं लिहून दिलं की वाट मोकळी.

मी म्हणालो, "लिही. सगळेच लिहितात. वस्तीचं काम होईल. देवाला काय कळतंय कागद."

तो बराच वेळ पाण्याकडं बघत बसला. मग म्हणाला, "पेत्रानं बी तेवढंच केलं होतं. 'मी त्याला वळखत नाही.' तीन डाव. मग कोंबडा आरवला."

त्यानं फॉर्म भरला नाही. वॉर्डात कोण निवडून आलं हे सांगण्यात अर्थ नाही. नळाचं कनेक्शन अजून मावसभाऊच करून देतो.

मी त्याला 'लिही' म्हणालो ते मला का इतकं सोपं गेलं? कारण माझ्या पोराच्या दाखल्यावर 'बौद्ध' लिहिलेलं आहे आणि त्याच दाखल्यावर तो नोकरीला आहे. माझ्या पोराला काही नाकारावं लागलं नाही. हे इथं सांगून टाकतो, पुढं लागणार आहे.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. १० ऑगस्ट १९५० ला राष्ट्रपतींच्या नावानं अनुसूचित जातींचा आदेश निघाला. त्याचा तिसरा परिच्छेद सांगतो की हिंदू सोडून दुसऱ्या धर्माचा माणूस अनुसूचित जातीचा धरायचा नाही. १९५६ ला शिखांना आत घेतलं. १९९० ला बौद्धांना घेतलं. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच.

मद्रासला रस्त्याच्या कडेला जोडे शिवणारा सूसाई नावाचा माणूस होता. जातीनं आदि द्रविड, धर्मानं ख्रिस्ती. सरकारनं जोडे शिवणाऱ्यांना फुकट टपऱ्या वाटल्या. याला नाही मिळाली. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८५ ला निकाल लागला. न्यायालय म्हणालं, ख्रिस्ती झाल्यावरही तुझे हाल पूर्वीइतकेच आहेत हे दाखव, नुसतं सांगून भागणार नाही. जोडे तोच शिवतोय, रस्त्यावर तोच बसलाय, आणि पुरावा त्यानंच आणायचा! २००७ ला रंगनाथ मिश्र आयोगानं शिफारस केली की अनुसूचित जातीचा दर्जा धर्माच्या खुंट्यावरून सोडवा. शिफारस कागदावर राहिली. २०२२ ला बालकृष्णन आयोग नेमला. आणि २६ नोव्हेंबर २०२४ ला, संविधान दिनाच्या दिवशी, सर्वोच्च न्यायालयानं पुदुच्चेरीच्या एका बाईच्या खटल्यात सांगितलं की ख्रिस्ती धर्म पाळायचा आणि नुसत्या आरक्षणासाठी हिंदू म्हणवायचं, ही संविधानाशी लबाडी आहे.

लबाडी असेल. पण माणसाला लबाडी करायला लावणारा तो तिसरा परिच्छेद, त्याला काय म्हणायचं?

आणि हे फक्त हिंदुत्ववाल्यांचं काम नाही. चर्चमधल्या वरच्या जातींनीही हेच सांगितलं, की ख्रिस्तात जात नाही. ऐकायला गोड. पण गोव्यात जा. ख्रिस्ती बामण आहे, चारडो आहे, सूद आहे. लग्न जुळवताना विचारून बघा. तामिळनाडूत काही ठिकाणी दफनभूमीतसुद्धा भिंत घातली होती. मेलेला दलित ख्रिस्ती अलीकडं, मेलेला सवर्ण ख्रिस्ती पलीकडं. बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्यांच्या स्थितीवर लिहिताना हेच विचारलं होतं. यांनी धर्म बदलला, पण अन्यायाविरुद्ध लढले का? मिशननं शाळा दिली, दवाखाना दिला, त्याचं ऋण ते मानतात. पण जातीशी लढाई दिली नाही, हेही तोंडावर सांगतात.

तर मूळ प्रश्नाकडं येऊ. येशूचं नाव राजकारणात घ्यावं की न घ्यावं?

शहाणी माणसं चटकन म्हणतात, धर्म वेगळा ठेवा, राजकारण वेगळं ठेवा. हे वाक्य ज्याच्या पिंपाला झाकण आहे त्याला परवडतं. आपल्याला कुणी वेगळं ठेवू दिलं? चवदार तळ्याचं पाणी धर्म होता की राजकारण? १९२७ ला महाडला ओंजळभर पाणी प्यायलो तर डोकी फुटली, आणि मग तळं गोमूत्रानं शुद्ध करून घेतलं. काळाराम मंदिराचा दरवाजा धर्म होता की राजकारण? आपल्या देशात माणसाला शिवायचं की नाही हे धर्मानं ठरवलं आणि राजानं राबवलं. तेव्हा धर्म बाजूला ठेवून फक्त राजकारण बोला, हे आपल्याला सांगू नये.

शिवाय आपल्याच मोठ्या माणसांनी येशूचं नाव घेतलेलं आहे. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. 'गुलामगिरी' १८७३ ची. त्यात त्यांनी येशूला बळीराजाच्या पंगतीला बसवलं. बळी इकडचा, पाताळात घातलेला. तो तिकडचा, क्रुसावर घातलेला. भट म्हणाले, हा मिशनऱ्यांचा हस्तक. आजही कुणी जरा वर मान केली की हीच शिवी येते. पण फुले ख्रिस्ती झाले नाहीत. येशूच्या नावावर मत मागितलं नाही, पद मागितलं नाही. येशू त्यांनी शूद्रातिशूद्रांची मान वर करायला वापरला. वापरला हाच शब्द मी मुद्दाम लिहितो.

बाबासाहेबांचंही बघा. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात सांगितलं की हिंदू म्हणून जन्मलो, हिंदू म्हणून मरणार नाही. सगळ्या धर्मांचे लोक धावत आले. ख्रिस्ती आले, मुसलमान आले, शीख आले. हिंदू पुढाऱ्यांची झोप उडाली. का? आत्म्याची काळजी होती? आत्मा कुणाला दिसत होता! दिसत होती ती संख्या. १९३२ च्या पुणे कराराला उणीपुरी तीन वर्षं झालेली. एवढी माणसं इकडची तिकडं गेली तर जागांचा हिशेब बदलणार होता. बाबासाहेबांना ते कळत नव्हतं असं नाही. १९३६ ला मुंबईच्या महार परिषदेत त्यांनी धर्मांतराचे व्यवहारातले फायदेही उघड मांडले. म्हणजे त्यांनीही धर्माचा राजकारणात विचार केला. मग त्यांच्यात आणि केकवाल्यात फरक काय?

हा प्रश्न मला वर्षभर डाचत होता. बौद्ध मंडळात विचारला तर एकजण अंगावर आला. पण प्रश्न विचारायलाच पाहिजे. नाहीतर आपण बाबासाहेबांचीही पूजाच करणार.

माझं उत्तर असं आहे. फरक किमतीचा आहे. ज्यानं नाव घेतलं त्यानं स्वतः किंमत मोजली, की दुसऱ्याकडून मोजून घेतली?

बाबासाहेबांनी येवल्यापासून नागपूरपर्यंत एकवीस वर्षं घेतली. कुणाच्या लिलावात बसले नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ ला जेव्हा बौद्ध झाले तेव्हा त्या तिसऱ्या परिच्छेदानं आपल्या लोकांच्या केंद्रातल्या सवलती जात होत्या. हे दिसत असून लाखो लोक नागपूरला गेले. जाणाऱ्यांनी स्वतः ठरवलं, स्वतः मोजलं. चौतीस वर्षं मोजलं, १९९० पर्यंत. फुल्यांनी मोजलं, घरातून बाहेर पडावं लागलं. माझ्या मावसभावानं मोजलं. आणि केकवाल्यानं काय मोजलं? केकचे पैसे. फोटोवाल्यानं? तेवढेही नाही.

ही कसोटी घेऊन जरा फिरून बघा. फक्त आपली वस्ती नको, गोव्यात जा. १६ जानेवारी १९६७ ला तिथं जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं? मगो पक्षामागं मुख्यतः हिंदू बहुजन, युनायटेड गोवन्समागं मुख्यतः ख्रिस्ती. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरलं. हिंदूंचीही मतं त्यात होती, नाहीतर हरलं नसतं. प्रश्न भाषेचा होता, जमिनीचा होता, नोकरीचा होता. पण मोजदाद झाली ती क्रूस आणि तुळस अशी. ख्रिस्ती भाटकार आणि त्याच्याच जमिनीवर झोपडी असलेला ख्रिस्ती मुंडकार एका क्रुसाखाली मोजले. हिंदू भाटकार आणि हिंदू मुंडकार एका तुळशीखाली. देवाचं नाव असं घेतलं की आधी मुंडकार गायब होतो. उरतो तो समाज, आणि समाजाच्या नावानं बोलतो भाटकार.

आणखी लांब जाऊ. अमेरिकेत गुलाम ठेवणारा मालक रविवारी येशूचं नाव घ्यायचा, आणि गुलामही रात्री झोपडीत येशूचंच गाणं म्हणायचा. पुस्तक एक, देव एक. मालकाचा येशू सांगायचा, धन्याचं ऐक. गुलामाचा येशू सांगायचा, पळ. १९६३ ला मार्टिन ल्यूथर किंग बर्मिंगहॅमच्या तुरुंगात बसून गोऱ्या पाळकांना पत्र लिहितो, ते येशूच्याच नावानं. ६ जानेवारी २०२१ ला वॉशिंग्टनच्या संसदेवर चालून गेलेल्या जमावातही क्रूस होते, येशूच्या नावाचे फलक होते. जर्मनीत १९३३ ला हिटलरच्या बाजूचे 'जर्मन ख्रिस्ती' येशू ज्यू नव्हताच म्हणू लागले. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांच्या डच चर्चनं वर्णभेदाला बायबलातून आधार शोधून दिला, आणि १९८५ ला तिथल्याच ख्रिस्ती लोकांनी कैरोस नावाचा दस्तऐवज काढून त्या सरकारी देवाला नाकारलं. किंग तुरुंगात आहे. गुलामाच्या पाठीवर चाबूक आहे. नाव घेणारा स्वतः क्रुसावर आहे, की क्रूस हातात घेऊन दुसऱ्याला ठोकतोय, एवढंच बघा. फार शास्त्र लागत नाही.

आणि आपल्या महाराष्ट्रात? २०११ च्या जनगणनेत इथं ख्रिस्ती शंभरात एकसुद्धा पुरता नाही. पण जून २०२५ मध्ये सांगलीत सत्ताधारी पक्षाच्या एका आमदारानं धर्मांतर करणाऱ्या धर्मगुरूंना मारणाऱ्यांसाठी लाखांची बक्षिसं जाहीर केली. जुलैत ख्रिस्ती लोक मुंबईला आझाद मैदानावर जमले. त्याच महिन्यात सरकारनं धर्मांतरविरोधी कडक कायदा आणण्याची भाषा विधानसभेत केली. शंभरातल्या एकाची एवढी भीती कुणाला? भीती त्या एकाची नाही. बाकीच्या नव्याण्णवांत जे वीस-तीस खाली दाबलेले आहेत, त्यांनी मान वर करून दुसरीकडं बघू नये, ही भीती आहे. येशू तिथं बुजगावणं आहे. बुजगावणं शेतात उभं करतात ते पाखरांसाठी. पाखरं आपण.

आता खुद्द येशूकडं येतो. मी ख्रिस्ती नाही. मला देव नाही, स्वर्ग नाही. पण मावशीच्या घरी शुभवर्तमान वाचलेलं आहे. ज्याच्या नावावर एवढं चाललंय तो काय करत होता, ते तरी बघावं.

सैतान त्याला उंच डोंगरावर नेतो आणि जगातली सगळी राज्यं दाखवतो. म्हणतो, माझ्या पाया पड, सगळं तुझं. आमच्या भाषेत, तिकीट पक्कं. तो नाही म्हणतो. पुढं पाच हजार माणसं भाकरी खाऊन तृप्त होतात, आणि लोक त्याला धरून राजा करायला निघतात. तो एकटाच डोंगरात निघून जातो. आपल्याकडं राजा व्हायचं असतं म्हणून भाकरी वाटतात. त्यानं भाकरी वाटली आणि राजा करतात म्हणून पळाला. शेवटी त्याला राजा केलंच, पिलातानं. क्रुसावर पाटी लावली, यहूद्यांचा राजा. तीन भाषांत लावली, सगळ्यांना वाचता यावी म्हणून. येशूच्या नावाचा पहिला बॅनर तो. लावणारं सरकार होतं, आणि खाली माणूस मरत होता.

पण मला सगळ्यात लागते ती विहिरीची गोष्ट. शोमरोनात याकोबाची विहीर. भर दुपार. येशू दमून बसलाय. एक शोमरोनी बाई पाणी भरायला येते. यहूदी शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत, त्यांच्या भांड्याला शिवत नसत. येशू तिच्याकडं प्यायला पाणी मागतो. बाईच दचकते. तू यहूदी, मी शोमरोनी, माझ्या हातचं पाणी मागतोस कसा?

आपण नेहमी पाणी मागणारे. महाडला मागितलं. धरणाच्या कामावर मागितलं. आजही बारवीच्या काठच्या पाड्यांवर बाया हंडे घेऊन चालतात आणि पाणी पाइपातून शहराला जातं. धरण झालं तेव्हा गावं उठली, उंची वाढवली तेव्हा आणखी उठली. तिथं ही गोष्ट वाचली की अंगावर काटा येतो. जो देव म्हणवतो तो वाटाळ मानलेल्या बाईच्या घागरीतलं पाणी मागतोय. देत नाही, मागतो. तिच्या हातात देण्याची ताकद आहे असं मानतो. त्या मुकादमाला एकदा तरी माझ्या मावशीच्या हातचं पाणी मागावंसं वाटलं असतं का?

पुढारी वस्तीत येतो तोही मागायलाच येतो. मत मागतो. पण आमच्या घरचं पाणी पीत नाही. बाटली बरोबर आणतो. सील तोडून पितो.

म्हणून येशूचं नाव राजकारणात घेऊ नका असं मी म्हणत नाही. घ्या. पण आधी विहिरीवर बसा. ज्याच्या हातचं पाणी तुमच्या जातीला चालत नव्हतं त्याच्या हातचं प्या. मग त्याचं मत मागा. आणि मत देणाऱ्याला त्याचा धर्म नाकारावा लागत असेल, तर त्या मताला हात लावू नका.

हे पुढाऱ्यांसाठी झालं. ते काही हे वाचणार नाहीत. वाचणार तुम्ही, आणि तुम्ही माझ्यासारखेच. म्हणून शेवटचं आपल्याविषयी.

मावसभावाचं झालं त्यानंतर वस्तीतल्या ख्रिस्ती पोरांनी एक निवेदन काढलं. दलित ख्रिस्त्यांना अनुसूचित जातीत घ्या. आपल्या मंडळाकडं पाठिंब्याची सही मागायला आली. बैठक झाली. एकजण म्हणाला, वाटा कमी होईल. दुसरा म्हणाला, त्यांना मिशनचे पैसे असतात. तिसरा म्हणाला, त्यांनी आपल्या देवाकडं मागावं. लोक हसले. मीही बसलो होतो. वाटा कमी होईल ही भीती खोटी नाही, नोकऱ्या आधीच आटल्यात. पण मग टक्का वाढवून मागा की, सगळे मिळून मागा. हे मला तेव्हा सुचलं होतं. मी बोललो नाही. पोरं परत गेली.

आपण चौतीस वर्षं दाराबाहेर उभे होतो. १९९० ला आत आलो. आत आल्यावर दार मागं कुणी लावलं? तिथं मुकादम नव्हता. पिंपाला झाकण आपणच घातलं, आणि ज्याच्या आडनावावरून आपल्यालाही तिकडंच पाठवलं होतं, त्याला हातानं दाखवलं, तिकडं.

मावसभावाला मी 'लिही' म्हणालो. त्या दिवशी त्यानं पेत्राचं नाव घेतलं तेव्हा मला वाटलं, हा स्वतःविषयी बोलतोय. आता कळतं, नाकारणारा मीच होतो. त्याला ओळखत नाही असं मी मंडळाच्या बैठकीत गप्प राहून सांगितलं.

ते निवेदन अजून त्याच्या घरी पडलेलं आहे. मागच्या रविवारी उपासना सुटल्यावर मी गेलो. त्यानं पाणी दिलं, मी प्यालो. मग निवेदन मागितलं आणि सही केली. नावाखाली कंसात 'बौद्ध' लिहिलं. अजून खूप कोरी जागा आहे त्या कागदावर.